फुगलेला मासा: बाटलीला हात लावण्याआधी

गणपतीत कोकणातल्या घरांत माणसं वाढतात आणि टँकमध्ये पडणारे दाणेही वाढतात. मुंबईहून आलेली पोरं सकाळी चिमूटभर टाकतात, दुपारी आतेभाऊ टाकतो, तिन्हीसांजेला आजीला वाटतं की माशांना कोणी विचारलंच नाही. विसर्जन होऊन चाकरमानी परतले की फोन सुरू होतात. गोल्डफिश फुगलाय, तिरका पोहतोय, काय टाकू?

काय टाकू हे सगळ्यात शेवटी विचारायचं. पोट फुगणं हे लक्षण आहे. त्यामागे साध्या बद्धकोष्ठापासून मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत काहीही असू शकतं, आणि बाहेरून ही सगळी दुखणी पहिल्या नजरेला सारखीच दिसतात. दुकानात मिळणारी निळी बाटली म्हणजे मिथिलिन ब्ल्यू. ती बुरशीवर आणि अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून उपयोगी; पोटातल्या दुखण्यापर्यंत ती पोचत नाही. उलट टँकच्या फिल्टरमधले कामाचे जिवाणू तिने मरतात, पाण्यात अमोनिया चढतो आणि आधीच अर्धमेला झालेला मासा त्या अमोनियाने जातो. दोष मात्र रोगाला लागतो.

आधी पाहायचं, मग पाणी मोजायचं, मग माशाला वेगळं करायचं आणि औषध त्यानंतर. हा क्रम मोडू नका.

वरून पाहा

आपण टँक नेहमी समोरून बघतो. फुगलेला मासा वरून बघायला हवा. झाकण काढा, दिवा लावा आणि मासा खाली स्थिर असताना मोबाईलने सरळ वरून फोटो काढा. रोज त्याच वेळी, शक्यतो त्याच उंचीवरून. मासा बरा होतोय की बिघडतोय हे डोळ्यांना कळत नाही. दोन दिवसांच्या अंतराचे फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं.

फोटोत पहिली गोष्ट बघायची ती खवले. निरोगी माशाचे खवले कौलांसारखे एकावर एक चपटे बसलेले असतात. ते सगळ्या अंगावर बाहेर उभे राहिले असतील, वरून बघताना कडा काटेरी दिसत असेल, तर ते ड्रॉप्सीचं म्हणजे जलोदराचं चिन्ह. शरीरात पाणी साठून खवल्यांच्या मुळाशी आलेलं असतं. अशा वेळी घाई करायला हवी, कारण हे चिन्ह दिसेपर्यंत आतलं बरंच काम बिघडलेलं असतं. सुरुवातीला फक्त पोटाकडचे खवले किंचित उचललेले दिसतात. समोरून ते लक्षात येत नाहीत, म्हणूनच वरून बघायचं.

दुसरी गोष्ट, फुगवटा दोन्ही बाजूंना सारखा आहे का. सारखा असेल तर पाणी, अन्न, वायू किंवा अंडी. एकाच बाजूला गोळा आल्यासारखा असेल आणि महिनोन्महिने हळूहळू वाढत असेल तर गाठ किंवा मूत्रपिंडात झालेली पाण्याची पिशवी असण्याचा संभव जास्त. गोल्डफिशच्या मूत्रपिंडात शिरणारा एक सूक्ष्म परजीवीही असाच वेडावाकडा फुगवटा आणतो. तो बहुतेक वेळा उघड्या तळ्यात वाढलेल्या माशांत दिसतो आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही. पण असे मासे कधीकधी बराच काळ खातपीत जगतात, हेही खरं.

तिसरी गोष्ट, विष्ठा. जाड, खाल्लेल्या दाण्याच्या रंगाची, तुटून पडणारी असेल तर आतडं चाललंय. लांब पांढरी दोरी लोंबत असेल तर एक तर मासा काही दिवस जेवलेला नाही, नाहीतर आतड्यात परजीवी आहेत. काहीच पडत नसेल आणि पोट गच्च असेल तर बद्धकोष्ठ. गुदद्वार सुजून लाल झालंय का, डोळे बाहेर आलेत का, कल्ले फिकट पडलेत का, तेही त्याच वेळी बघून घ्या. डोळे बाहेर येणं आणि खवले उभे राहणं एकत्र असेल तर जलोदराबद्दल शंका ठेवू नका.

आणि शेवटी वागणं. फुगलेला असूनही जेवायला धावणारा मासा आणि कोपऱ्यात तळाशी बसून धापा टाकणारा मासा, दोघांचे मार्ग पहिल्याच दिवशी वेगळे होतात. दाणा तोंडात घेऊन थुंकणं हे मलावी सिक्लिडमध्ये (आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या रंगीत माशांत) फार वाईट लक्षण आहे, त्याबद्दल पुढे.

आजारी की गाभोळीने भरलेली?

ही शंका आधी मिटवून टाकावी. गप्पी, मॉली, प्लॅटी पिल्लं देतात. मादीच्या गुदद्वाराजवळचा काळसर डाग मोठा होतो, पोट चौकोनी दिसायला लागतं, पण खवले चपटेच राहतात आणि भूक टिकते. एंजल किंवा गोल्डफिशची मादी अंड्यांनी भरली की पोट मागच्या बाजूला, गुदद्वाराकडे भरतं. मालवणच्या बाजारात मासळी विकणारी बाई लांबूनच सांगेल, “मासो फुगाक नाय, तेच्यात गाभोळी आसा.” तिची नजर आपल्याकडे नसते, म्हणून एक खूण लक्षात ठेवा: गाभोळीने आलेला फुगवटा आठवड्यांत येतो, आजाराचा बहुधा दिवसांत.

गोल्डफिशच्या मादीने अंडी टाकली नाहीत तर बहुतेकदा ती अंगातच विरतात. पोट दाबून अंडी काढण्याचे व्हिडिओ बघून कोणी घरी प्रयोग करू नये. आतले अवयव फाटतात.

पाणी मोजा, आणि ते पाणी आलं कुठून ते आठवा

थेंबांची तपासणी किट घ्या. कागदी पट्ट्यांपेक्षा ती भरवशाची. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, जमल्यास २० च्या आसपास. यातलं पहिलं किंवा दुसरं शून्याच्या वर असेल तर निदान तिथेच अर्धं झालं. जलोदर आणणारे एरोमोनास जातीचे जिवाणू जवळपास प्रत्येक गोड्या पाण्यात असतात. माशाची प्रतिकारशक्ती जागेवर असेपर्यंत ते काही करत नाहीत. अमोनियाने कल्ले भाजले, थंडीने अंग आखडलं, कोंबून भरलेल्या टाकीत मासा दमला की मग ते आत शिरतात.

कोकणात पाण्याच्या काही खास खोड्या आहेत. जांभ्या खडकातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. त्यात पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, धरून ठेवणारे कार्बोनेट कमी. नव्या टाकीत पीएच ७ असतो, दोन महिन्यांत न कळत ६ च्या खाली जातो, आणि तिथे अमोनिया खाणारे जिवाणू सुस्तावतात. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून हंडे भरून टाकीत ओततात, त्याने तर उरलेसुरले क्षारही पातळ होतात. गोल्डफिश किंवा सिक्लिड असतील तर फिल्टरमध्ये धुतलेल्या, वाळवलेल्या शिंपल्यांची एक पिशवी ठेवा. ती हळूहळू विरघळते आणि पीएच सावरते. फायटर आणि टेट्रांच्या टाकीत मात्र ती घालू नका, त्यांना मऊ पाणीच मानवतं.

दुसरी खोडी टीसीएल पावडरची. पावसाळ्यात ग्रामपंचायत सार्वजनिक विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकते, आणि ते आरोग्यासाठी योग्यच आहे. पण विहिरीच्या पाण्यात क्लोरिन नसतो असं धरून चालणारा माणूस त्या दिवशी निम्मं पाणी बदलतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या माशांचे कल्ले लाल. बदलायचं पाणी बादलीत घेऊन हवेचा दगड सोडून चोवीस तास ठेवा, किंवा दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरा. क्लोरिन लिटरला १ मिलिग्रॅम असेल तर १०० लिटरला पाऊण ग्रॅम हायपो पुरतो.

तिसरी खोडी खाडीकाठच्यांसाठी. एप्रिल-मेमध्ये तिथल्या काही विहिरी मचूळ होतात. पुढे मीठ घालायचं सांगणार आहे. तुमच्या पाण्यात ते आधीच असेल तर वरून घातलेलं जास्त होईल. जिभेवर थेंब ठेवून बघा, किंवा पाण्यातले क्षार मोजणारं पेनासारखं टीडीएस मीटर मिळतं ते घ्या.

मोजून झालं की त्याच दिवशी मुख्य टाकीतलं पाव ते एकतृतीयांश पाणी बदला. तापमान जुळवून, हळू ओतून. औषध न घालता एवढ्यानेच उतरलेले फुगवटे असतात.

वेगळी टाकी

काचेचीच हवी असं नाही. २० ते ३० लिटरचा अन्न साठवायचा प्लास्टिकचा डबा किंवा स्वच्छ टब चालतो. साबणाचा किंवा तेलाचा वास असलेला नको. तळाला वाळू-दगड नको, म्हणजे विष्ठा दिसते. हवेचा पंप आणि मुख्य टाकीत आधीपासून चालवलेला स्पंज फिल्टर. पाणी निम्मं मुख्य टाकीतलं जुनं, निम्मं नवं. उंची १५ ते २० सेंटिमीटर ठेवा, कारण फुगलेल्या माशाला वर येऊन श्वास घ्यायला लांब पोहावं लागू नये. वरून झाकण, बाजूला कापड, उजेड कमी.

तापमान २६ ते २८ अंश. कोकणात हीटर कशाला, असं वाटेल. पण जुलैच्या झडीत पाणी दिवसभर थंड राहतं आणि दापोलीसारख्या उंचावरच्या ठिकाणी थंडीच्या पहाटे ते बरंच खाली जातं. थंड पाण्यात माशाचं पचन मंदावतं. बद्धकोष्ठाचं निम्मं कारण तिथेच असतं. २५ किंवा ५० वॉटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरे. उलट मे महिन्यात पाणी ३१-३२ अंशांवर जातं, तेव्हा हीटर नको, हवा जास्त द्या, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. लाईट जाण्याची सोय म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावाच. वादळात दोन दिवस वीज नसते तेव्हा आजारी मासा औषधाविना तग धरेल, हवेविना धरणार नाही.

साध्या फुगवट्यावर: उपास, विलायती मीठ, मटार

खवले चपटे आहेत, मासा हिंडतोय, विष्ठा कमी किंवा बंद आहे, अलीकडे खाणं जास्त झालंय. हा सगळ्यात नेहमीचा प्रकार आणि सगळ्यात बरा होणारा.

दोन-तीन दिवस काही घालू नका. मोठा, धडधाकट मासा एवढा उपास सहज काढतो. पिल्लांना आणि आधीच रोडावलेल्या माशांना मात्र उपाशी ठेवू नये.

त्याबरोबर विलायती मीठ, म्हणजे एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. २० लिटरला एक सपाट चहाचा चमचा, साधारण ५ ग्रॅम. वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडंथोडं करून तासाभरात घाला. याने आतड्याचे स्नायू सैल पडतात आणि साठलेलं पाणी काही प्रमाणात ओढलं जातं. फरक नसेल तर दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा घालता येतं. गच्च फुगलेल्या माशासाठी आंघोळही देतात: ४ लिटर पाण्यात १२ ते १५ ग्रॅम, पंधरा मिनिटं, शेजारी उभं राहून. मासा कलंडला किंवा उड्या मारू लागला की लगेच बाहेर.

औषधाच्या दुकानात ते छोट्या पाकिटात मिळतं, कृषी सेवा केंद्रात किलोने. आंब्याच्या बागा असलेल्यांच्या घरी असतंच. पण पिशवीवरचं नाव नीट वाचा. त्याच फळीवर झिंक सल्फेट असतं, तेही पांढऱ्या खड्यांचंच, आणि जस्त माशांना विष आहे. ‘सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण’ लिहिलेलं काहीही टाकीत जाता कामा नये.

उपासानंतर गोल्डफिशला मटार. ताजे किंवा फ्रिजमधले, मऊ शिजवून, साल काढून, माशाच्या तोंडाच्या मापाने चुरून. मीठ-मसाला काही नाही. एका वेळी एखादा दाणा, दोन दिवस. फायटरला मटार देऊ नका. तो मांसाहारी, त्याला मटार पचत नाही. त्याच्यासाठी गोठवलेला डॅफ्निया, म्हणजे पाण्यातला बारीक कवचाचा जीव, ज्याच्या कवचाने आतडं मोकळं होतं. फायटरचा एका वेळचा खुराक त्याच्या डोळ्याएवढा, एवढं लक्षात ठेवलं तर तो सहसा फुगणार नाही.

सुकट आणि काड घालायची सवय कोकणात बरीच दिसते, विशेषतः ऑस्कर पाळणाऱ्यांकडे. घरात असते, मासा आवडीने खातो, पोरांना मजा वाटते. पण सुकट बहुधा खारवलेली असते, कधी वाळू असते, आणि कोरडी, न चावता तशीच गिळली जाते. घालायचीच तर जवळा पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन, आठवड्यातून एकदा. वाळवलेल्या ट्युबिफेक्सच्या चौकोनी वड्या मी सरळ नाकारतो. गटाराच्या गाळात वाढणारे ते किडे, आणि त्यांच्याबरोबर काय येतं याची खात्री कोणी देत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी पोट उतरलं, विष्ठा पडली, की दाणे सुरू करा, पण आधीच्या निम्मे.

तरंगपिशवी बिघडली असेल तर

मासा उलटा तरंगतो, शेपूट वर करून लटकतो, किंवा तळाशी पडून वर यायची धडपड करतो. माशाच्या अंगातली वायूची पिशवी बिघडली की असं होतं. घोळ माशाचा बोत ज्यांनी पाहिलाय त्यांना ही पिशवी परिचयाची आहे. ओरांडा, र्युकिन अशा गोल अंगाच्या गोल्डफिशमध्ये शरीर आखूड केल्याने आत जागाच कमी असते, त्यामुळे भरलेलं आतडं तिला दाबतं. म्हणून उपचार वरचाच: उपास, ऊब, विलायती मीठ, मटार. पुढे तरंगणाऱ्या दाण्यांऐवजी बुडणारे दाणे द्या, तेही दहा मिनिटं भिजवून, म्हणजे पृष्ठभागावर हवा गिळली जात नाही.

पंधरा दिवसांत सुधारणा नसेल तर दुखणं कायमचं असू शकतं. असा मासा हाताने भरवला तर खातो आणि जगतो. पोटाचा भाग पाण्याबाहेर राहत असेल तर तिथली कातडी सुकून जखम होते. पाण्याची उंची आणि एखादं मऊ जाळं यांनी त्याला बुडतं ठेवायला लागतं. हे रोजचं काम आहे, ते झेपणार का याचा विचार घरातल्यांनी करावा.

पांढरी दोरी आणि मलावी सिक्लिड

पिवळे-निळे चकचकीत मलावी सिक्लिड आता कोकणातल्या छोट्या दुकानांतही मिळतात. मलावी सरोवराचं पाणी पीएच ७.७ ते ८.६ चं, कठीण. आपलं जांभ्याचं पाणी नेमकं उलटं. त्यात यातले बरेचसे मासे खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे आणि आपण त्यांना ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, घालतो. मग एक दिवस मासा दाणा थुंकतो, पांढरी दोरी दिसते, पोट फुगतं, श्वास जोरात चालतो. इथे हातात दोन-तीन दिवसच असतात. थुंकायला लागला त्याच दिवशी हालचाल करा, फुगण्याची वाट पाहू नका.

यावर मेट्रोनिडाझोल वापरतात. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे; पशुवैद्यकाकडून लिहून घ्या, ते गुराढोरांचे डॉक्टर असले तरी हरकत नाही. पाण्यातलं रूढ प्रमाण लिटरला साधारण ६ ते ७ मिलिग्रॅम, म्हणजे ४०० मिलिग्रॅमची एक गोळी ६० लिटरला. रोज पाव पाणी बदलून पुन्हा मात्रा, पाच दिवस. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. मासा अजून खात असेल तर औषध खाण्यातून देणं अधिक परिणामकारक. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा दाण्यांच्या भुकटीत घालून जिलेटिनने बांधा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चिमटीने द्या. लसणीच्या रसाचा थेंब टाकला तर नाराज मासाही तोंड लावतो, एवढाच लसणीचा उपयोग. ती परजीवी मारते यावर मी विसंबत नाही.

एक महत्त्वाचं. खाण्याच्या मासळीच्या संवर्धनात मेट्रोनिडाझोलला बंदी आहे. शेततळ्यात कटला-रोहू सोडले असतील तर हे औषध तिथे जाता कामा नये, आणि टाकीतलं औषधी पाणी वहाळात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

खवले उभे राहिले असतील तर

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरला साधारण ९ ग्रॅम मिठाइतके क्षार असतात, बाहेरच्या पाण्यात जवळपास नाहीत. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत झिरपतं आणि मूत्रपिंडं ते रात्रंदिवस उपसतात. मूत्रपिंडं थकली की पाणी पोटात, डोळ्यांमागे, खवल्यांखाली साठतं. बाहेरच्या पाण्यात थोडं मीठ असेल तर आत येणारं पाणी कमी होतं आणि उपशाचं ओझं हलकं होतं. म्हणून लिटरला १ ते २ ग्रॅम साधं मीठ, चोवीस तासांत तीन-चार हप्त्यांत. २० लिटरला २० ते ४० ग्रॅम, चमच्याने नव्हे, काट्यावर तोलून. काही जण जलोदरात फक्त विलायती मीठच घालावं म्हणतात. मला वरचं कारण पटतं, म्हणून मी साधं मीठ पाण्यात ठेवतो आणि विलायती मीठ आंघोळीपुरतं.

मीठ कोणतं? मिठागरातलं खडे मीठ उत्तम, पाण्यात विरघळवून फडक्याने गाळून घ्या, कारण त्यात माती असते. समुद्राचं पाणी आणून ओतू नका. त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात हे खरं, पण पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी ते किती पातळ झालंय हे कळत नाही, आणि बंदराजवळ डिझेल असतं. मांगूर जातीचे मिशीवाले मासे, लोच आणि टेट्रा मिठाला नाजूक. त्यांना १ ग्रॅमच्या वर जाऊ नका. खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशांना यातलं काहीच लागू नाही. तिथे शरीराचं गणित उलट चालतं, ते पाणी पितात.

जिवाणूंसाठी प्रतिजैविक लागतं आणि ते पशुवैद्यकानेच ठरवावं. घरात उरलेली कॅप्सूल फोडून टाकणं बंद करा. टेट्रासायक्लिन कठीण पाण्यात कॅल्शियमशी बांधलं जातं आणि वाया जातं; दोन दिवसांत थांबवलेला कोर्स फक्त औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे ठेवतो. मासा खात असेल तर औषध अन्नातूनच. सिरिंजने पोटातलं पाणी काढायचे व्हिडिओ फिरतात. सुईची जागा आणि खोली माहीत नसताना ते करू नका.

रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. माशांचे एकामागून एक बळी जात असतील तर तिथल्या तज्ज्ञांना आधी विचारून मगच नमुना न्या. नुकताच मेलेला मासा पिशवीत घालून बर्फावर, गोठवून नव्हे. गोठवलं की पेशी फाटतात आणि तपासणारा काही सांगू शकत नाही. कोकणच्या उकाड्यात सकाळी मेलेला मासा दुपारी निरुपयोगी होतो.

आशा किती धरावी? फक्त पोटाकडचे खवले उचललेले आणि मासा खातोय, अशा अवस्थेत प्रयत्नाला अर्थ आहे. अंगभर खवले उभे, डोळे बाहेर, तळाशी पडलेला, तर बहुतेक मासे वाचत नाहीत. दुकानदार काहीही म्हणोत.

कधी थांबायचं

पाच-सहा दिवस उपचार करून खवले अधिक उभे राहिले, मासा एका अंगावर पडला, खाणं पूर्ण थांबलं, तर त्याला सोडवणं हाच उपाय उरतो. संडासात टाकू नका, बर्फात घालू नका. लवंग तेल वापरतात. छोट्या बाटलीत कोमट पाण्यात तेलाचे काही थेंब जोराने हलवून दूध करा, माशाच्या १ लिटरच्या भांड्यात हळूहळू ओता. मासा शांत होऊन कलंडला की आणखी तेल तसंच हलवून घाला, लिटरला अर्धा मिलिलिटर होईपर्यंत. कल्ल्यांची हालचाल थांबल्यानंतरही अर्धा तास पाण्यातच राहू द्या. मग माडाच्या किंवा कुठल्याही झाडाच्या बुंध्याशी हातभर खोल पुरा. मांजराला देऊ नका, औषध आहे त्यात. जिवंत किंवा मेलेला, टाकीतला मासा नदीत कधीच सोडायचा नाही.

उरलेल्या टाकीचं

मासा गेला किंवा बरा झाला, टाकी तीच आहे. जलोदर सहसा एका माशाकडून दुसऱ्याकडे उडी मारत नाही. एकामागून एक फुगत असतील तर पाणी बिघडलंय किंवा आतड्याचे परजीवी आहेत. दोन आठवडे अमोनिया-नायट्राइट दिवसाआड मोजा. आजारी टाकीची जाळी, नळी, बादली वेगळीच ठेवा, वापरल्यावर ब्लीचच्या पातळ द्रावणात अर्धा तास बुडवा, धुऊन हायपोच्या पाण्यातून काढा आणि उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्या. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नका. माशांचा क्षयसदृश जिवाणू बोटांवर महिनोन्महिने न भरणारी गाठ आणतो. अशी गाठ आली तर त्वचेच्या डॉक्टरांना आपण मासे पाळतो हे आपणहून सांगा.

बरा झालेला मासा मिठाच्या पाण्यातून एकदम मुख्य टाकीत टाकू नका. रोज पाव पाणी साध्या पाण्याने बदलत तीन-चार दिवसांत मीठ उतरवा, मग सोडा. सोडल्यावर आठवडाभर त्याला स्वतः खायला घाला आणि डब्याचं झाकण घट्ट लावून उंच फळीवर ठेवा. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा, आणि आठवड्यातला एक वार निरंकार. पाहुण्यांची पोरं येणार असतील तर दिवसाचे दाणे सकाळीच मोजून वाटीत काढून ठेवा. वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचं संपलं. आजीलाही हे सांगून ठेवा.